गरज नव्हती

"साहेब, तुमचंच तुमच्याकडे परत आलंय," म्हणत कारकुनाने फाइल टेबलावर ठेवली आणि ओठ दाबून हसत निघून गेला.

हसण्यासारखं त्यात होतंच. दावा संपला, निकाल लागला, की जिंकणाऱ्याचा खर्च हरणाऱ्याने भरायचा, ही कोर्टाची साधी रीत. पण जिंकलेला माणूस जोरात असतो आणि त्याचा वकील त्याच्याहून जोरात. त्यांच्या बिलात फीपासून झेरॉक्सपर्यंत आणि टॅक्सीपासून टाचण्यांपर्यंत काय वाट्टेल ते असतं. ते सगळंच्या सगळं हरलेल्याच्या माथी मारू नये म्हणून इमारतीच्या तळमजल्यावर, जुन्या कागदांच्या खोलीला लागून, एक खर्च-अधिकारी बसवलेला असतो. हा तो. एकेक बाब वाचायची आणि एकच प्रश्न विचारायचा: दावा चालवायला हे लागणारच होतं का? लागणार होतं, तर बरोबरची खूण. नसेल, तर पेन्सिलीने आडवी रेघ आणि समोर दोन शब्द, 'गरज नव्हती'. आता ही छाटणी कुणाला पटली नाही तर त्याने हरकत घ्यावी, फेरविचार मागावा, तशी सोय आहे. पण फेरविचार कुणी करायचा? तर पहिल्यांदा ज्याने कापलं त्यानेच. आपलं काही चुकलं का, हे आपणच आपल्याला विचारायचं आणि आपणच कारणासकट उत्तर लिहून द्यायचं. त्यानंतर प्रकरण वर न्यायाधीशांकडे. हा नियम करणाऱ्याचा माणसावर फार विश्वास असावा, नाहीतर त्याला थट्टेची भारी हौस असावी. इतक्या वर्षांत याने स्वतःला हा प्रश्न पुष्कळदा विचारला होता आणि दर वेळी स्वतःकडून एकच उत्तर मिळालं होतं. नाही, काही चुकलेलं नाही. वरच्या न्यायाधीशांनीही त्याची रेघ कधी पुसली नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा? कोर्टात त्याला कात्री म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर साहेब. बायकोच्या कानावर ते कधीतरी गेलं होतं, तेव्हापासून ती भाजीवाल्याशी घासाघीस करताना त्याच्याकडे बघून हसायची. "अहो, इथे चालवा की जरा तुमची कात्री!"

त्याने फाइल उघडली. दावा एका मुक्या-बहिऱ्या बुकबाइंडरने एका इमारतीच्या मालक कंपनीवर लावलेला. लिफ्टचं दार उघडलं, आत लिफ्टच नव्हती, आणि बाइंडरची बायको खाली गेली. एवढं बिलाच्या वरच्या टिपणात होतं. त्यापुढे काही वाचायची त्याला सवय नव्हती. कोण काय बोललं ते न्यायाधीशांचं काम, बोलायला काय खर्च आला ते आपलं, असं तो नव्या लोकांना शिकवत असे. बाइंडर जिंकला होता, खर्चासह. बिलातल्या बहुतेक बाबींना खूण होती. एका मोठ्या बाबीवर रेघ होती: हातवाऱ्यांच्या भाषेची दुभाषी, परगावाहून बोलावलेली, तिची फी, प्रवास, राहणं. समोर त्याचंच सुबक अक्षर: 'मुलगी साक्षीच्या वेळी हजर. तिला वडिलांची भाषा येते. घरचं माणूस असताना गरज नव्हती.' आणि आता त्याखाली हरकतीची एक ओळ, वकिली भाषेत न घोळवलेली: 'मी हजर होते हे खरं आहे, पण मी मुलगी म्हणून हजर होते.'

त्याने ती वाचली, आणि त्याचा उजवा हात आपल्याआप वर गेला. दोन बोटं कपाळाला लागली. समोरच्या कपाटाच्या काचेत त्याला दिसलं, एक टक्कल पडलेला गृहस्थ कपाळाला दोन बोटं लावून बसलाय. "अरे!" तो मोठ्याने म्हणाला. कारकुनाने दारातून डोकं आत घातलं. "बोलावलंत, साहेब?" "नाही, नाही. डास होता." कारकुनाने खोलीभर नजर फिरवली, डास शोधल्यासारखं केलं आणि गेला. याने हात टेबलाखाली नेऊन मांडीखाली दाबून धरला. पुन्हा उठला तर काय घ्या!

कपाळाला दोन बोटं म्हणजे बाबा. बाबा बस चालवायचे आणि टोपी पुढे ओढून घ्यायची त्यांना सवय होती, म्हणून. आई जन्मापासून बहिरी. तिच्या लहानपणी तिला कुणी शाळा दाखवली नव्हती, त्यामुळे त्या घरात तीन माणसांची एक घरगुती भाषा झाली होती, जगात दुसऱ्या कुणाला न येणारी. तीत प्रत्येकाला नाव होतं. आईचं नाव गालावरचा तीळ. याचं नाव कानाची पाळी. आई आपल्या कानाची पाळी चिमटीत धरायची, की हा हातातलं टाकून धावत यायचा. बाबा दिवसभर बसवर, त्यामुळे घराचा कान तो होता, आणि तोंडही तोच. चालायला लागल्यापासून तो आईबरोबर दुकानात, दवाखान्यात, कचेरीत, सगळीकडे. आईने छातीवर बोट ठेवलं की तो म्हणायचा 'मी'. 'आई म्हणते' वगैरे त्याला सुचलंच नाही कधी. हाताने जे म्हटलं जातं ते तोंडाने म्हणायचं, त्यात विचार कसला करायचा? त्यामुळे तो औषधाच्या दुकानात फळीवर हनुवटी टेकवून सांगायचा, "माझी कंबर दुखतेय, रात्रभर झोप नाही." कचेरीत त्याने एकदा खणखणीत आवाजात सांगितलं होतं, "माझं लग्न याच गावात झालं," आणि सगळी कचेरी पोट धरून हसली होती. आईला वाटलं, पोराने काहीतरी गमतीचं सांगितलं, तीही हसली. दुकानदार जास्तीचं काही गळ्यात मारायला लागला, की ती उजव्या हाताच्या मागच्या बाजूने डाव्या तळव्यावरून झटकायची, टेबलावरचा चुरा झटकतात तसं. हा लगेच म्हणायचा, "गरज नाही." हे शब्द कुठून उचलले कुणास ठाऊक, पण पोराच्या तोंडी ते ऐकून दुकानदार गप्प बसायचे. पुढे नोकरीत आल्यावर नियमांच्या पुस्तकात त्याने वाचलं, की दुभाष्याने साक्षीदाराच्या वतीने बोलताना 'तो म्हणतो' असं न म्हणता 'मी' म्हणावं. त्याला हसू आलं होतं. हे तर आपण फळीवर हनुवटी पोचत नव्हती तेव्हापासून करत होतो.

मग ही रेघ आपण मारली कशी? चहा आला, थंड झाला, पोऱ्या कप उचलून घेऊन गेला, तरी तो त्याच पानावर होता. आपल्याला कळत नव्हतं म्हणून मारली असं म्हणायची सोय नव्हती. या तळमजल्यावर ते कुणाला कळत असेल तर त्यालाच. उलट, त्याला आठवलं, रेघ मारताना हात जरा जास्तच जोरात चालला होता. काय म्हटलं होतं तेव्हा मनात? म्हटलं होतं, आम्हाला कुणी दिली होती फी? आम्ही केलं ना? शाळा बुडवून केलं, खेळ सोडून केलं, मग या मुलीला काय धाड भरली होती? चांगली वाढलेली मुलगी, हजेरीत लिहिल्याप्रमाणे औषधांच्या दुकानात नोकरी करते, बापाच्या शेजारी बसलेली असते, आणि दुभाषी म्हणे परगावाहून! हो, असंच म्हटलं होतं. आता ते वाक्य मनात पुन्हा म्हणून बघताना त्याला त्याचा आवाज ओळखू आला. तो कुणा अधिकाऱ्याचा नव्हता. तो रुसलेल्या पोराचा होता. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेपाठोपाठ रागही आला, कारण रेघ पुसायची तर ती फक्त एका बिलावरची पुसली जात नाही. कोर्टातले वकील त्याच्या रेघा पाठ करतात. 'कात्रीने दुभाषी कापला' हे एव्हाना साऱ्या बार रूमला माहीत झालं असणार. पुढच्या बहिऱ्या साक्षीदाराचा वकील म्हणणार, दुभाषी कशाला, खर्च परत मिळत नाही, घरातून कुणाला तरी आणा. आणि घरातून कोण येतं? जो हाताशी असतो तो. बहुतेक वेळा लहानच असतो. उलट रेघ पुसली, तर ज्या माणसाने कधी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही त्याने निवृत्ती तोंडावर आली असताना ते घेतलं, असं होणार. कारकून आधीच ओठ दाबून हसत होता.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून मटार सोलत होती. आता ती फार थकली होती, पण डोळे शाबूत होते, आणि तिला डोळेच लागत. बायकोने तिची भाषा लग्नानंतर हौसेने शिकून घेतली होती. शिकून घेतली काय, तीत आपली भर घातली होती, आणि दोघी गॅसपाशी हात नाचवत इतक्या गप्पा मारायच्या की कधीकधी दूध उतू जायचं. तो मात्र आईशी तीनच गोष्टी बोलायचा. जेवलीस? औषध घेतलंस? येतो. सवयीने, पटकन, एका हाताने, दुसऱ्या हातात किल्ल्या धरून. त्याने ते केलं. आईने मान हलवली आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या. आईच्या हातात काम असलं की ती गप्प असते, आणि तो आला की तिच्या हातात नेहमी काम असतं, हे त्याला इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा दिसलं. त्याला वाटलं, बसावं. पण बसून काय बोलायचं? बाबांचं नाव त्या घरात कित्येक वर्षांत कुणी हाताने घेतलं नव्हतं. बायकोला तर ते नाव काय होतं हेही ठाऊक नव्हतं. "आज चेहरा का उतरलाय?" तिने विचारलं. "डास फार झालेत ऑफिसात," तो म्हणाला.

सुनावणीला फारशी माणसं नसतात. एका खोलीत एक टेबल आणि भोवती खुर्च्या. बाइंडर आला होता. बोटांच्या टोकांना सरसाचे वाळलेले पापुद्रे, शर्टाच्या खिशात हाडाची चपटी सळई, कागद दुमडायची, खिशातून काढून ठेवायची विसरला असावा. शेजारी मुलगी. तिचे हात टेबलाच्या कडेखाली हळूहळू चालले होते. खोलीत जे बोललं जात होतं ते ती बापाला पोचवत होती, वर चेहरा स्थिर ठेवून. याने ते पाहिलं आणि नजर वळवली. बाइंडरचा वकील तरुण होता आणि घाबरलेला होता, दोन वाक्यं बोलून खाली बसला. कंपनीचा वकील मात्र ऐसपैस बसलेला. "साहेब, मी काय बोलू? आपणच कापलंय, योग्यच कापलंय. मुलगी त्या दिवशी कोर्टात होती, हजेरीवर तिची सही आहे. आत्तासुद्धा बघा, बापाला सगळं सांगतेय की नाही? हेच त्या दिवशी केलं असतं तर काय बिघडलं असतं? फुकटात होणारं काम पैसे मोजून करायचं आणि बिल आमच्या गळ्यात बांधायचं, हे काही बरं नव्हे." बोलणं चोख होतं. दोन महिन्यांपूर्वी हेच याच्या मनात होतं, जवळजवळ याच शब्दांत. मुलीच्या हातांनी टेबलाखाली तेही वाक्य बापाला इमानेइतबारे पोचवलं, एक शब्द न गाळता. बाइंडरने ते पाहिलं. मग त्याने एक हात किंचित उचलला आणि मुलीला काही सांगितलं. त्यांची भाषा याच्या घरची नव्हती, शाळेत शिकलेली, नीटनेटकी होती. पण 'पुरे, जाऊ दे, चल उठ' हे कळायला कुठली शाळा लागते? मुलगी उठायला लागली.

आणि याचा हात पुन्हा वर आला. या वेळी त्याला तो मांडीखाली दाबता आला नाही. पंजा उघडा, बाइंडरकडे वळलेला, मग हळूच खाली, दोनदा. थांब. बस जरा. खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवत होतं ते थांबलं. कंपनीच्या वकिलाने आधी हाताकडे पाहिलं, मग साहेबांकडे. बाइंडर टक लावून बघत राहिला आणि खाली बसला.

"तुम्हाला एक विचारायचंय," तो मुलीला म्हणाला. "तुम्ही का नाही केलंत?"

"काय, साहेब?"

"दुभाष्याचं काम. त्या दिवशी."

मुलगी बोलायला लागली तेव्हा तिचे हातही चालू झाले, बापासाठी. त्याच्या पाठीमागे काही बोलायचं नाही अशी तिची रीत असावी. "साहेब, आई बाबांशी बोलत होती तेव्हा. बाबांशी बोलायचं तर त्यांच्याकडे तोंड करावं लागतं. ती उलट्या पावलांनी लिफ्टमध्ये शिरत होती, हातांनी बोलत बोलत. नेहमीच तशी शिरायची. कंपनीचं म्हणणं होतं, बोलण्याच्या नादात तिचं लक्ष नव्हतं, म्हणजे चूक तिची. म्हणून या साहेबांनी बाबांना उलटतपासणीत विचारलं, ती काय बोलत होती एवढं? फिरवून फिरवून तेच." कंपनीच्या वकिलाने टेबलावरचा एक कागद सरळ केला. "आई सांगत होती, पोरगी सकाळी न खाताच गेली कामावर. एवढंच. तेही अर्धंच राहिलं." तिचे हात थांबले, मग पुन्हा चालले. "दुभाष्याला 'मी' म्हणावं लागतं, असं वकीलसाहेबांनी आधी सांगितलं होतं. म्हणजे मला म्हणावं लागलं असतं, माझी बायको माझ्यासमोर खाली गेली. मला म्हणावं लागलं असतं, ती माझ्या मुलीबद्दल बोलत होती. मला येते भाषा, साहेब. तुमचं बरोबर आहे. पण माझ्याच्याने झालं नसतं. आणि बाबांच्याने तर माझ्याकडे बघून सांगवलंच नसतं. त्यांना कुणीतरी परकं हवं होतं समोर."

तो समोरच्या बिलाकडे बघत होता, पण त्याला दिसत होता दवाखान्याचा लांब बोळ, भिंतींना खालून निम्म्यापर्यंत हिरवा रंग, आणि फिनेलचा वास. बाबांना बसमधूनच तिथे आणलं होतं. आईने त्याच्या खांद्याला धरून त्याला डॉक्टरसमोर उभं केलं, कपाळाला दोन बोटं लावली, मग छातीवर हात ठेवला, मग डॉक्टरकडे बोट केलं. त्याने नेहमीप्रमाणे म्हटलं. आवाज फुटलेला नव्हता अजून. अर्ध्या चड्डीतलं पोर डॉक्टरला म्हणालं, "माझा नवरा वाचेल ना?" डॉक्टर हसला. सवयीने, न कळून, सगळे हसायचे तसा. मग त्याने आईकडे पाहिलं आणि त्याचं हसू तोंडावरच मेलं. त्याने खाली वाकून याच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही रे, बाळ. आईला सांग." आता सांगायचं कसं? त्या घरात मरणाला शब्दच नव्हता, लागलाच नव्हता कधी. दिवा गेला की मूठ मिटायची, एवढं होतं. त्याने दोन बोटं कपाळाला लावली. मग हात पुढे करून तो मूठ मिटायला लागला, आणि आईने झडप घालून त्याचे दोन्ही हात धरले. घट्ट. मांडीवर दाबून धरले, कितीतरी वेळ, बोटं दुखेपर्यंत. येणारे-जाणारे बघत होते. त्यांना वाटलं असेल, आईने लेकाचे हात हातात घेतलेत, किती माया! पण त्या घरात हात धरण्याचा अर्थ एकच होता. पाहुण्यांसमोर तो फार बडबडायला लागला की आई त्याचे हात धरायची. गप्प बस. एक शब्द बोलू नकोस. तो गप्प बसला. इतका गप्प, की पुढे तीन गोष्टींपलीकडे बोललाच नाही. त्याचं वाक्य अर्धंच राहिलं होतं आणि ते आईला कळलं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. एवढं मात्र पक्कं बसलं, की ही बातमी आणली म्हणून आईने त्याचं तोंड बंद केलं. आईचा राग कुणावरतरी निघणारच होता, आणि डॉक्टर तर परका होता.

"साहेब?" कंपनीचा वकील म्हणाला.

"हं." त्याने खोडरबर शोधलं. त्याच्या टेबलावर पेन्सिली पुष्कळ होत्या, खोडरबर नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. तरुण वकिलाने लगबगीने आपलं पुढे केलं. त्याने रेघ पुसली, नीट, कागद न चुरगळता, आणि शेरा लिहिला, आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. "फेरविचार केला. साक्षीदाराच्या घरची व्यक्ती भाषा जाणते एवढ्यावरून दुभाषी अनावश्यक ठरत नाही. जे सांगायचं आहे ते घरच्या माणसाच्या तोंडून वदवणं, हा खर्च कोणत्याही बिलात येत नाही, पण तो होतो. दुभाष्याची गरज होती. पहिली छाटणी माझी चूक होती. बाब पूर्ण मंजूर." 'माझी चूक' हे शब्द वाचताना आवाज थोडा खाली गेला, पण गेला तेवढाच. कंपनीच्या वकिलाने चष्मा काढून पुसला. "मला वर जावं लागेल, साहेब. अशिलाला उत्तर द्यायचंय." "जा की. कारणं लिहिलीयत, वाचून दाखवा त्यांना." त्याला खरोखरच वाटलं, जावं याने वर. वरच्यांनीही एकदा वाचावं. मुलगी टेबलाखालून हात बाहेर काढून बापाला सगळं सांगत होती, आता उघड, भराभर. बाइंडरने ते शेवटपर्यंत पाहिलं. निघताना तो टेबलापाशी थांबला, याच्याकडे बघितलं, आणि मघाचाच याचा हात त्याने परत केला: पंजा उघडा, हळूच खाली, दोनदा. मग तो गेला. दारात कारकून उभा होता. आज तो हसत नव्हता, आणि काय करावं ते न सुचून त्याने पंखा बंद केला.

तो लवकर घरी आला. उन्हं अजून खिडकीत होती. बायको ओट्याशी पाठमोरी होती, फोडणीच्या आवाजात तिला त्याचं येणं कळलंही नाही. आई खिडकीशी, मांडीवर मटार. त्याने किल्ल्या खाली ठेवल्या. दोन्ही हात रिकामे करून तो आईसमोर स्टुलावर बसला आणि त्याने कपाळाला दोन बोटं लावली.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने त्याच्याकडे पाहिलं, इतकं, की त्याला वाटलं, उठून जावं. पण तो उठला नाही. हात आधी अडखळले, विसरले होते. मग त्यांना सापडत गेलं. दवाखाना. लांब बोळ. डॉक्टर. मी एवढासा. मी सांगत होतो. तू माझे हात धरलेस. त्याने स्वतःचेच हात एकमेकांत धरून दाखवले, मांडीवर दाबून. मग सोडले, आणि विचारलं, का? मला का गप्प केलंस?

आईने शेंगा बाजूला ठेवल्या. फडक्याला हात पुसले, सावकाश, एकेक बोट. मग तिने आपल्या डोळ्यांकडे बोट केलं, आणि डॉक्टर झाली: जबडा सुटलेला, नजर जमिनीवर, हसू मेलेलं. इतक्या वर्षांनी, हुबेहूब. तिने आपल्या कानाची पाळी चिमटीत धरली, त्याचं नाव घेतलं. हात खाली नेऊन उंची दाखवली, स्टुलाएवढी. मग पुढे होऊन तिने त्याचे दोन्ही हात धरले नाहीत, नुसते उताणे केले, त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. यांनी नाही. आणि उजव्या हाताच्या मागच्या बाजूने तिने आपला डावा तळवा झटकला, एकदाच.

"आलात होय!" बायको वळून म्हणाली, आणि दोघांकडे बघून तिने गॅस बारीक केला. "काय झालं हो? काय म्हणाल्या आई?"

'आई म्हणते' असं त्याच्या तोंडावर आलं होतं. ते त्याने गिळलं. नियम म्हणजे नियम. "मी डॉक्टरच्या तोंडावरच वाचलं होतं," तो म्हणाला. त्याच्या टकलावर उन्हाचा कवडसा पडला होता. "माझं लेकरू एवढंसं होतं. त्याच्या हातांनी मला ते ऐकायचं नव्हतं. त्याने कशाला सांगायचं? त्याची..." पुढचं येईना. आई त्याच्या ओठांकडे बघत होती. लहानपणी दुकानात बघायची तशी, आपलं म्हणणं पूर्ण पोचेपर्यंत, धीराने.

"त्याची गरज नव्हती," तो म्हणाला.